एक मिलिमीटरची तार

विमानाला ब्रेक असतात म्हटलं की लोक हसतात. हवेत कुठे ब्रेक लावणार, असं विचारतात. पण विमान कधी ना कधी खाली येतं, आणि खाली आलं की त्याची गाडी होते. पळतं, वळतं, थांबतं. चार माणसांच्या जुन्या विमानात तर डाव्या चाकाचा ब्रेक वेगळा आणि उजव्याचा वेगळा. डाव्या पायाचा चवडा दाबला की डावं चाक धरणार, उजव्याचा दाबला की उजवं. प्रत्येक पेडलच्या मागे वीतभर लांबीचा एक सिलिंडर असतो. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. नाव मोठं, पण पोटात काय, तर एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन-तीन रबरी कड्या.

फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये हे सिलिंडर खोलून नवे करायचं काम पक्कडकडे असे. पक्कड म्हणजे क्लबची मेकॅनिक. हातात घेतलेली गोष्ट सोडत नाही म्हणून तिच्या वडिलांनीच ती लहान असताना हे नाव ठेवलं होतं, आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षीही सगळा हँगर तिला त्याच नावानं हाक मारत होता. बाबा स्वतः इथे तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात. बाबांनी ज्या विमानांचे नटबोल्ट आवळले होते तीच उडवायला घेतली. त्र्याहत्तरी गाठली तरी शनिवार चुकला नव्हता. शनिवारी ते उडत, आणि बाकीचे सहा दिवस आई त्यांना सांभाळून घेई.

मागच्या शनिवारी उतरताना विमान उजवीकडे ओढलं गेलं, धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि काठावरचा एक दिवा मोडून थांबलं. कोणाला साधं खरचटलंही नाही. बाबांनी त्याच दुपारी क्लबला पत्र दिलं: माझा पाय चुकला, उजवा ब्रेक जास्त दाबला गेला, वय झालं आहे, यापुढे उडणार नाही. क्लबचे चिटणीस कधीपासून त्यांना हेच कसं सुचवावं या विचारात होते. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी त्यांची गत झाली.

बुधवारी सकाळी चिटणीस हँगरमध्ये आले.

“ब्रेक एकदा खोलून बघ आणि लॉगबुकात लिहून टाक, दोष आढळला नाही,” ते पक्कडला म्हणाले. “शुक्रवारी बैठक आहे. पत्र मंजूर करू.”

“आणि दोष आढळला तर?”

“तीन आठवड्यांपूर्वी तूच नवे केलेस ना ते? मग कसा आढळेल?”

हे कौतुक होतं, पण पक्कडला ते गोड लागलं नाही. दोष निघाला तर बाबांचं पत्र फिरवता येणार होतं, पुन्हा उडता येणार होतं, आणि दोष तिचा ठरणार होता. नाही निघाला तर ती सुटणार आणि बाबांचे शनिवार संपणार. इकडे आड, तिकडे विहीर. पण खरं सांगायचं तर तिला आतून दोष निघावा असंच वाटत होतं. आपल्याच कामात खोट निघावी म्हणून देव पाण्यात ठेवणारी मेकॅनिक जगात आपण एकटीच असू, असंही तिच्या मनात आलं.

तिनं उजव्या पेडलमागे हात घातला, दोन पिना काढल्या आणि सिलिंडर सोडवला. तेल काचेच्या बाटलीत ओतलं. लालभडक, स्वच्छ तेल. मोटारीच्या ब्रेकचं तेल चुकून पडलं असतं तर रबर कधीच खराब झालं असतं. मग लाकडाचे तुकडे लावून सिलिंडर शिकंज्यात धरला, तोंडाची कडी काढली आणि दांड्यासकट पिस्टन अलगद बाहेर ओढला. रबर नवं. भिंतीवर ओरखडा नाही. स्प्रिंग ताठ.

राहिली फक्त फट. पेडलवर पाय नसताना पिस्टन आणि त्याचं रबरी सील यांच्यात एक मिलिमीटरची फट राहावी लागते. पाय उचलला की चाकाकडे गेलेलं तेल तिच्यातून परत येतं. फट मिटली तर तेल खालीच कोंडतं, तापतं, फुगतं, आणि पाय लावलेला नसतानाही ब्रेक चाक धरून बसतो. म्हणून नट फिरवून फट जुळवायची, आणि ती मोजायला बाबांची तार.

ही तार खोकल्याच्या गोळ्यांच्या जुन्या डबीत असे. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधतात तीच साधी तार, एक मिलिमीटर जाडीची, एका टोकाला बोट जाईल एवढा वेढा. फटीत घालायची, अडखळत जाऊन बसली की माप बरोबर. हँगरमध्ये मोजायची महागडी पाती होती, पण पक्कड तारच वापरायची, कारण बाबा तारच वापरायचे. घरातल्या थोरल्यांचं वय आणि बाबांची तार, या दोन गोष्टी कोणी मोजत नसे.

तिनं तार फटीत घातली. अडखळत गेली आणि बरोबर बसली.

म्हणजे दोष नव्हता. पाय चुकला होता. पक्कड स्टुलावर बसली. मग लॉगबुक ओढलं, तारीख घातली, आणि सवयीप्रमाणे लिहिण्याआधी चाकाकडे एक नजर टाकली. उजव्या चाकाच्या डिस्कवर निळसर झाक होती. ती डावीकडे जाऊन बघून आली. डावी डिस्क चकचकीत पांढरी. पोलाद निळं पडतं ते फार तापल्यावर. एकदा जोरात ब्रेक मारून एवढं तापत नाही, धरून धरून तापतं. हे चाक त्या दिवशी उतरायच्या आधीच, हँगरपासून धावपट्टीच्या टोकापर्यंत, घासत गेलं होतं.

डिस्क एक सांगत होती, तार दुसरं. दोघींपैकी एक खोटं बोलत होती.

पक्कडनं कपाटातून मायक्रोमीटर काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांची तार मोजली. पॉइंट आठ. तिनं तार पुसून पुन्हा मोजली. पॉइंट आठ. भिंतीवर तारेची दोन बंडलं शेजारी शेजारी टांगलेली होती, एक मिलिमीटरचं आणि पॉइंट आठचं, दिसायला जुळी. आता डबीतली तार तिनं नीट पाहिली. तेलानं काळवंडलेली जुनी तार नव्हतीच ती. चांगली चकाकत होती.

कोणी बदलली हे तिला विचारावं लागलं नाही. तो वेढा घालायची पद्धत एकाच माणसाची होती. डावीकडे कमी फटही कशीबशी पुरली होती. उजवीकडे नवं सील तापून जरा फुगलं आणि उरली सुरली फट मिटली.

तिनं मनाशी ठरवलं की तारेचं नाव काढायचं नाही.

दुपारी ती घरी गेली तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या टेबलावर मिक्सर खोलून बसले होते.

“शनिवारपासून इस्त्री झाली, घंटी झाली, आता हा मिक्सर,” आई म्हणाली. “या घरात खोलायची मी एकटीच राहिलेय.”

“तुझे सुटे भाग मिळत नाहीत,” बाबा म्हणाले.

पक्कड समोरच्या खुर्चीवर बसली. “बाबा, पत्र मागे घ्या. उजवा सिलिंडर धरत होता. फट कमी होती. मी मोजायला चुकले.”

बाबांनी स्क्रू वाटीत टाकला. “धरत होता ते मला माहितीये. उतरल्या उतरल्या कळलं.”

“मग पाय चुकला असं का लिहिलंत?”

“मी उडलो नाही तर काय बिघडतं? पण तुझा मेकॅनिकचा शिक्का गेला तर?”

पक्कडला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. रडणं तिनं गिळलं, राग ठेवला. “असलं खोटं पुन्हा लिहायचं नाही. मी चुकले, मी लिहीन. तुम्ही शनिवारी उडा.”

बाबांनी मिक्सर बाजूला सारला. “तू मोजायला चुकत नाहीस. कशानं मोजलंस?”

“कशानं म्हणजे?”

“तार दाखव.”

तिनं आढेवेढे घेतले. पण तिला पक्कड हे नाव ज्यानं ठेवलं, तो तिच्याहून चिवट असणारच. शेवटी तिनं खिशातून तारेचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले, डबीतली तार आणि बंडलातून कापलेला एक मिलिमीटरचा तुकडा.

बाबा हळूच म्हणाले, “जुनी मोडली होती. इंजेक्टरचं भोक साफ करत होतो तेव्हा. मीच नवी करून ठेवली. बंडलाच्या चिठ्ठीवरचे आकडे दिसेनात, म्हणून बोटांनी चाचपून घेतली. म्हटलं, बोटांना कळतं.”

त्यांनी दोन्ही तुकडे उचलले. कुठला कुठला ते कळू नये म्हणून वेढा मुठीत दडवून, नुसती टोकं पुढे करून खिडकीशी गेले. चष्मा वर केला, खाली केला. अंगठ्याखाली एक फिरवून पाहिली, मग दुसरी. आईनं नळ बंद केला.

“ही,” बाबांनी एक टोक पुढे केलं. “ही जाड.”

ती बारीक होती.

“हो,” पक्कड म्हणाली. “हीच.”

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिच्या आईच्या. खिडकीतून परत येऊन त्यांनी दोन्ही तारा टेबलावर ठेवल्या.

“खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही,” ते म्हणाले. “पत्र राहू दे. कारण तेवढं बदलतो. पाय नव्हे, डोळे.”

“डोळ्यांची तपासणी तर दर वर्षी पास होता तुम्ही!”

“डॉक्टरकडचा तक्ता इतकी वर्षं तोच आहे. शेवटच्या ओळीपर्यंत पाठ झालाय.”

आई म्हणाली, “हे मला माहीत होतं.” मग ती पुन्हा भांडी घासायला लागली.

शुक्रवारी क्लबच्या बैठकीत दोन कागद गेले. एक बाबांचा नवा. दुसरा लॉगबुकाच्या पानाची नक्कल, त्यात पक्कडच्या अक्षरात: फट पॉइंट आठ आढळली, मापाची तार न तपासता वापरली, चूक माझी. तिचं काम तीन महिने दुसऱ्या मेकॅनिकनं तपासायचं ठरलं. बाबांचं पत्र मंजूर झालं. चिटणिसांनी दोघांनाही चहा दिला आणि कोणाकडे बघावं हे त्यांना कळेना.

शनिवारी सकाळी पक्कडनं दोन्ही सिलिंडर पुन्हा जुळवून बसवले, या वेळी पात्यांनी मोजून. आता नळीतली हवा काढायची होती. त्यासाठी वर बसून पेडल दाबायला एक माणूस लागतं. सवयीनं शनिवारी हँगरवर आलेले बाबा दारात उभेच होते.

“बसता का?” तिनं विचारलं.

ते डावीकडच्या, वैमानिकाच्या जागेवर बसले. पट्टा लावायचं कारण नव्हतं, तरी लावला. पक्कड पंखाखाली चाकाशी उकिडवी बसली, तोटीला पारदर्शक नळी जोडली, तिचं टोक बाटलीत सोडलं.

“दाबा. धरा.” तिनं तोटी उघडली, नळीतून बुडबुडे आले, तोटी बंद केली. “सोडा.”

असं सात-आठ वेळा झालं. डावं चाक झालं, मग उजवं. बुडबुडे मोठे होते ते बारीक झाले, मग तुरळक, आणि मग नळीतून नुसतं लाल तेल आलं. पक्कडनं तोटी बंद केली, नळी काढली, टोपण लावलं, फडक्यानं चाक पुसलं.

“धरा,” ती म्हणाली.

या कामाला किती वेळ लागतो हे बाबांना तिच्याहून जास्त ठाऊक होतं. तरी वर पेडल दाबलेलं होतं. ती चाकाला टेकून बसून राहिली. सोडा म्हणायचं काही तिच्या तोंडून निघेना.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, “धरलंय गं.”