लक्ष्मीबाई नगरचं हळदीकुंकू

कुमुदिनीकाकूंवर मी आजही चिडते, आणि चिडता चिडता रडू येतं. असल्या भल्या बाईवर धड रागावताही येत नाही, यार.

वल्लरी माझी दिल्लीतली, मुनिरक्यातली रूममेट. तिच्या विभागातल्या साकेत नावाच्या सीनियरने लायब्ररीमागे तिच्यावर हात टाकला, तेव्हा तिने विद्यापीठाकडे तक्रार केली. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या, आणि आमच्या समितीत होत्या कुमुदिनी मॅडम, म्हणजे आमच्या काकूच. चौकशी नीट चालली, हे कबूल. वल्लरीचं ऐकलं, साकेतलाही पुरतं बोलू दिलं. निकाल तेवढा यायचा होता.

मध्येच आली संक्रांत. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काकू दर वर्षी हळदीकुंकू करायच्या आणि आम्हा मराठी पोरींना आवर्जून बोलवायच्या. वल्लरीला वगळलं तर तिला लागेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, वाण दिलं आणि भरल्या बैठकीत पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "घाबरू नकोस. मी आहे ना."

झालं. चार बायकांत बोललेलं कुठे राहतं? ते साकेतपर्यंत गेलं. निकाल देणारी बाईच तक्रारदाराला घरी बोलावून धीर देते, असा अर्ज त्याने ठोकला. चौकशी रद्द झाली. नवी समिती, पुन्हा पहिल्यापासून.

मी नुसता थयथयाट केला. पण खरं सांगू? माझा भाऊ त्याच्या जागी असता तर मीही तोच अर्ज केला असता. तेच तर डाचतं.

परक्यांपुढे ते सगळं पुन्हा सांगायची ताकद वल्लरीत उरली नव्हती. ती नाही म्हणाली, म्हणून प्रकरण बंद झालं. साकेतने केलं असं कुणी ठरवलं नाही, केलं नाही असंही नाही. वल्लरीने पीएचडी सोडून गुडगावच्या नव्या कॉल सेंटरमध्ये नोकरी धरली.

ती खोली सोडत होती त्या दिवशी काकू आल्या. डोळे सुजलेले. परमुलखात आपल्या पोरीला जवळ घेतलं, यात माझं काय चुकलं गं, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

वल्लरी बॅगेची चेन लावत होती. मान वर न करता म्हणाली, "काकू मला पुष्कळ होत्या. मला समितीत मॅडम हव्या होत्या."

काकूंनी त्यानंतर कधी हळदीकुंकू केलं नाही.