दगडाचा घाम

दगडाला घाम फुटला तेव्हा सभागृहात दीडशे माणसं कोंबलेली होती आणि सगळ्या खिडक्या बंद होत्या. खिडकी उघडली की शक्ती निघून जाते, असं घामबाबांचं म्हणणं. दारातून मात्र ती जात नसे, कारण दारातून भक्त येत.

"तुमची दुखणी हा स्वतःच्या अंगावर घेतोय!" बाबा गरजले. "ज्यानं घाम चाटला, त्याची साखर गेली!"

माझ्या भावाने तो चाटला होता आणि तीन दिवस इन्सुलिन बंद ठेवलं होतं. दिवसभर घटाघटा पाणी पीत होता आणि म्हणत होता, "रोग बाहेर पडतोय." मला त्याची धास्ती वाटत होती.

"गोड लागतो हो, वन्सं," वहिनी म्हणाली. "आणि माझे हात बघा, कसे मऊ झालेत!"

गोड आणि मऊ, अगदी ग्लिसरीनसारखं. क्रीमच्या कारखान्यात बारा वर्षं मी वजनकाट्यावर आहे. ग्लिसरीनच्या पिंपाचं झाकण उघडं राहिलं की ते हवेतली ओल पिऊन वजनाला वाढतं आणि बोलणी मी खाते.

साहेबांना विचारून वाटीभर ग्लिसरीन घरी आणलं. एक काळी फरशी धुऊन पुसली आणि तिच्या फक्त डाव्या बाजूला ते चोळलं. मग भावाच्या खोलीत शेजारीपाजारी धरून अकरा माणसं बसवली आणि खिडक्या लावल्या. दोन तासांत डावी बाजू थेंबांनी डबडबली. उजवी ठणठणीत कोरडी.

वहिनीने आधी डोकं टेकलं. "बाई गं, हीसुद्धा जागृत!"

"ही संडासाचं दार अडवायची फरशी आहे," मी म्हटलं.

वहिनीने कपाळ पुसलं.

"बाबांचा शिष्य पहाटे दगडाला तेल लावतो ना, ते हेच," मी सांगितलं. "बंद खोलीत ते तुमच्या श्वासातली ओल ओढून घेतं. तुमचाच श्वास तुम्हाला चाटायला देतात."

"मग माझी साखर?" भाऊ अडून बसला.

"मोजू या."

यंत्रावर चारशे तीस आले. भावाने उठून चपला घातल्या. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन दिवस गेले असते तर शुद्ध हरपली असती."

ग्लिसरीन साबण बनवताना निघतं आणि क्रीममध्ये, खोकल्याच्या औषधात, टूथपेस्टमध्ये निमूटपणे राबतं. त्याला देव करू नका. चमत्कार दिसला तर तो कसा झाला ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत चालू औषध बंद करू नका. बाबांवर विश्वास ठेवायचाच असेल तर जरूर ठेवा, पण त्यासाठीही माणूस जिवंत असावा लागतो.