भिंतीत गेलेले रामभाऊ

"माळ हातात घेतली की तोंडाला कुलूप. मधे 'हं' जरी निघालं, तरी पहिल्या मण्यापासून सुरुवात. देवाला उष्टी माळ चालत नाही." सासूबाईंचं हे सांगणं भानुमतीनं लग्न होऊन आल्यापासून कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी तेच नडलं.

मिल बंद झाली त्या दुपारी तिच्या नवऱ्यानं, शरदनं, खात्यातल्या मंडळींचा मिलच्या भिंतीपुढे फोटो काढला होता. भिंतीला ताजा चुना होता. मिल बंद पडली तरी चुन्याचा हुकूम बंद पडला नव्हता. रोल ब्लॅक अँड व्हाइट. छत्रीबागेतला स्टुडिओवाला म्हणाला, "भिया, ये जमाना गया." तेव्हा शरदनं रोल घरीच धुवायचं ठरवलं. घरात बिनखिडकीची खोली एकच, देवघर. भानुमतीनं देवांची क्षमा मागितली, समई बाहेर आणली आणि शरद फिल्म धुवायच्या औषधाचे थाळे घेऊन आत शिरला.

अडचण वेळेची. अंधारात घड्याळ दिसेना. शरद म्हणाला, "तुझी एक माळ होते तेवढाच वेळ फिल्म औषधात ठेवायची, बरोब्बर. संपली की घंटी वाजव. घड्याळ चुकेल, तू नाही चुकायचीस."

ती दाराशी बसली. माळ अर्ध्यावर आली तोच शेजारची शांता डोकावली.

"भानुमतीजी, थोडा हिंग है क्या? अहो, बोलत का नाही? नाराज आहात का?"

"छे हो!" निघून गेलं तोंडातून. पुन्हा पहिला मणी.

आतून शरद, "झाली का गं?"

"अजून नाही." परत पहिला मणी.

"आज फारच वेळ?"

"तुम्ही बोलू नका हो, मला उत्तर द्यावं लागतं!" पुन्हा पहिला मणी.

शरद बिचारा गप्प झाला, औषधात फिल्म हलवत राहिला. जप जास्त झाल्यानं कशाचं वाईट होईल, असं भानुमतीच्या मनातही आलं नाही.

घंटी वाजली तेव्हा फिल्म तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. आणि फिल्म जितकी काळी, तितका फोटो पांढरा. पोलोग्राउंडच्या कॉम्प्युटरवाल्यानं ती स्कॅन केली आणि डोकं खाजवलं, "शरदभिया, ये तो पूरा चूना है!"

रविवारी मंडळी शरदच्या ओट्यावर जमली. छापून आणलेल्या कागदावर सगळ्यांचे चेहरे पिठासारखे. कोणी मिशीवरून ओळखलं, कोणी पट्ट्यावरून. सापडले नाहीत ते रामभाऊ, भोंगा वाजवणारे. केस पांढरे, मिशी पांढरी, सदरा-पायजमा पांढरा, मागे भिंत पांढरी. उरल्या होत्या दोन चपला.

"या माझ्या!" रामभाऊ म्हणाले.

"अरे भिया, त्या माझ्या," मारुती म्हणाला. "मी काढून ठेवल्या होत्या, पाय दुखत होता." त्यानं पाय पुढे केला. चपला त्याच्याच निघाल्या. "सच बोलू? तुम्ही त्या दिवशी आलेच नव्हते."

"शेवटचा भोंगा वाजवून आलो होतो मी!"

"फोटोत दाखवा ना."

"मग भोंगा कोणी वाजवला?"

मंडळींनी विचार केला. "वाफ उरली असेल," मारुती म्हणाला. "आपोआप वाजला." सगळ्यांनी माना डोलावल्या.

रामभाऊ आधी हसले. मग कागद उन्हात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. जन्मभर मोहल्ल्याला उठवलं त्या माणसानं. आवाज उतरला त्यांचा. "वहिनी, आलो होतो ना हो मी?"

फोटोच्या वेळी भानुमती तिथे नव्हतीच. पण तिनं माळेचा सगळा प्रकार सांगून टाकला. "माझ्या जपामुळे तुम्ही भिंतीत गेलात."

"जपानं माणूस तरतो वहिनी, पुसला नाही जात," मारुती म्हणाला आणि चहा मागू लागला.

"रामभाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला त्याच भिंतीपुढे, याच सगळ्यांच्या मधे उभं करून दाखवते. शब्द आहे माझा."

"पर वहिनी, भिंत तर पांढरीच राहणार!" रामभाऊ म्हणाले.



दुसऱ्या दिवशी सकाळी भानुमतीनं पूजा आटोपली, शरदला नवा रोल भरायला आणि मंडळींना त्या भिंतीपाशी बोलवायला सांगितलं. तुळशीच्या कट्ट्यासाठी आणलेला सगळा गेरू बादलीत कालवला, अगदी दाट. फडकं खांद्यावर टाकलं. शांतानं विचारलं, "सुबह-सुबह कुठे?" तर नुसतं हसून भानुमती बादली सांभाळत मिलच्या रस्त्याला लागली.