अपरकेसचा साक्षीदार

पाच वाजता शब्दकोशाची पानं छपाईला जाणार होती, आणि तीन वाजता संपादकांनी ‘अपरकेस’ या शब्दापुढे लाल शाईत लिहिलं, ‘उगम अनिश्चित’.

माझं डोकंच फिरलं. या नोंदीत मी अर्थ दिला होता : इंग्रजीतलं मोठं अक्षर. उगमही दिला होता : छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्यांच्या खणाखणांच्या दोन पेट्या, वरच्या पेटीत मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान.

“पुरावा?” संपादक म्हणाले.

“माझे बाबा. तीस वर्षं इंग्रजी खिळे जुळवलेत त्यांनी.”

“वडील म्हणजे पुरावा नव्हे. वस्तू दाखवा.”

मी तडक घरी फोन लावला. सव्वाचारला आई-बाबा टॅक्सीतून उतरले, दोन्ही पेट्यांसह. एका पेटीत आई बटणं ठेवायची. बटणं पिशवीत ओतून ती चरफडत आली होती.

संपादकांनी पेट्या उलटसुलट पाहिल्या. “पण यातली वर कुठली असायची, हे कशावरून?”

बाबा गडबडले. “वरची वर असायची. आता आणखी काय सांगू?”

संपादकांनी पेनाला टोपण लावलं. मला रडूच यायला लागलं. बाबांचं अख्खं आयुष्य हा माणूस ‘अनिश्चित’ म्हणून छापणार होता!

“अहो, पोट दाखवा ना!” आई ओरडली. “दर चार महिन्यांनी नवा ॲप्रन शिवायचे मी. फाटायचा तो नेमका पोटावर!”

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी एक पेटी टेबलाच्या काठाशी ओढली आणि दुसरी तिच्या मागे उंचावर, कोशाच्या जुन्या खंडांवर तिरकी टेकवली. मग ते पुढे सरकले. खालच्या पेटीची कड मधोमध झिजून खोलगट झाली होती. बाबांचं पोट त्यात चपखल बसलं. वरच्या पेटीची कड मात्र कोरी करकरीत होती.

संपादकांनी दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

तेवढ्यात बाबांचा हात आपसूक उठला. आधी वरच्या पेटीतल्या एका रिकाम्या खणात गेला, मग खाली, पुन्हा खाली, सटासट. नजर खणांकडे नव्हतीच, माझ्याकडे होती.

“काय जुळवताय?” संपादकांनी हळूच विचारलं.

“लेकीचं नाव,” बाबा म्हणाले. “पहिलं अक्षर वर. बाकीची खाली.”

संपादकांनी टोपण काढलं आणि ‘अनिश्चित’वर काट मारली.