बंद चाकूची पारख

जत्रेच्या दिवशी सकाळीच बाइंजुकाकाने पेटी उचलून दाराशी आणून ठेवली आणि गाविनाचं डोकं फिरलं.

पेटी आजोबांची होती. उभा जन्म घालवून जमवलेले घडीचे चाकू तिच्यात होते. मुठी मेंढ्याच्या शिंगाच्या, पाती लांबट पानासारखी, आणि सगळे गावच्याच लोहारांच्या हातचे. मिलानहून आलेला एक गृहस्थ ती विकत घेऊन दुपारच्या जेवणानंतर गाडीत घालून नेणार होता.

"मग ठेवायची कुणासाठी?" काका म्हणाला. "तुझ्यासाठी? उद्या तू शिकायला सास्सारीला जाशील, परवा कुणाचा तरी हात धरून तोरिनोला. चाकू पडतील ड्रॉवरमध्ये, बुचं काढायच्या स्क्रूशेजारी."

"आणि मिलानवाले काय, चर्चच्या वेदीवर मांडून ठेवणार आहेत?"

"बिल्लियाबाबा, ऐका नातीची जीभ. हिलाच आधी धार काढून ठेवलेली दिसते."

बिल्लियाआजोबा बुटांच्या नाड्या बांधत होते. वर न बघताच ते म्हणाले, "जो ओळखेल त्याचे चाकू. आज हिला टेबलावर बसव. सगळे ओळखले तर पेटी हिची. एक जरी चुकला, तर तू ने आणि मिलानला पोचव."

काका एवढा हसला की त्याला ठसका लागला. गाविना मात्र हसली नाही. तिने बाह्या सरसावल्या, धावण्याच्या शर्यतीआधी सरसावतात तशा.

टेबल म्हणजे चौकातलं, ओक वृक्षाखालचं. दर जत्रेला जेवणाआधी गावातले चाकूवेडे तिथे जमायचे. एकेकाने डोळे बांधून बसायचं. पंच म्हणजे म्हातारे तियु बाकिस. ते घरोघरचे चाकू टेबलावर ठेवणार आणि बसणाऱ्याने उचलून सांगायचं, कुठल्या मास्तरचा, म्हणजे कुठल्या लोहाराच्या हातचा. चाकू कधी हातातून हातात द्यायचा नाही. दिला की मैत्री कापली जाते, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक. मुलीने बसायचं नाही असा काही नियम नव्हता. आजवर कुणी बसलीच नव्हती, एवढंच.

अडचण वेगळीच होती. गाविना चालायला लागल्यापासून त्या पेटीत हात घालत आली होती, पण सोळावं लागेपर्यंत पातं उघडायचं नाही, अशी आजोबांची ताकीद. सोळावं लागायला अजून द्राक्षं पिकायची होती. म्हणजे चाकूंशी तिची सगळी ओळख मिटलेल्या चाकूंची. आणि टेबलावर बसणारा प्रत्येक जण पहिलं काम काय करायचा, तर चाकू कानाशी धरून उघडायचा. पातं कसं सुटतं, 'टक्' कसा येतो, अंगठ्याला धार कशी लागते, सगळी पारख त्यावर.

त्या दिवशीही तसंच झालं. बाइंजुकाका आधी बसला. उघड, ऐक, सांग, उघड, ऐक, सांग. शेवटचा चाकू तर त्याने दोनदा उघडला आणि ऐटीत म्हणाला, "मास्तर बोबोरे. असला आवाज दुसऱ्या कुणाच्या पात्याला नाही."

तियु बाकिसांनी चाकू उचलून पुसला. सगळे बसून होईपर्यंत उत्तर सांगायचं नाही, असा रिवाज. काकामागून बसलेल्यांनीही त्या चाकूला बोबोरेच म्हटलं.

मग गाविनाचे डोळे बांधले. रुमालाला तंबाखूचा वास येत होता.

पहिला चाकू तिने उचलला. मूठ तळव्यात फिरवली, बोटांनी चाचपली, खाली ठेवली.

"मास्तर तोतोई."

"अगं, उघड तरी," कुणीतरी म्हणालं.

"कशाला? मुठीच्या शेपटाकडे तासणी अर्धवट सोडून दिलीय त्यांनी, नेहमीसारखी. घाई असायची त्यांना."

"घाई कसली, तहान असायची," मागून कुणीतरी बोललं आणि टेबल खदखदलं.

दुसरा, तिसरा, पुढचा. ती एकही उघडेना. हसणं हळूहळू थांबलं, मग कुजबूजही थांबली. कुठेतरी डुकराचं मांस भाजत होतं, त्याची चरबी निखाऱ्यांवर पडल्याचा चर्र आवाज तेवढा येत होता. गाविनाला वाटलं, आपले हात नुसते हात नाहीत, दिवे आहेत दिवे.

मग शेवटचा.

तिने मूठ धरली आणि तिला हसूच आलं. शिंगाच्या वळ्या करंगळीच्या बाजूला मुद्दाम राखलेल्या. हे तर मास्तर एफिस. ती बोलणार, तेवढ्यात बोट खिळ्यावर गेलं. पातं ज्याच्यावर फिरतं तो खिळा. एफिस तो सपाट घासायचे. हा गोल, फुगीर, मसुराच्या दाण्यासारखा. खिळा असा ठोकणारा एकच माणूस.

तिने परत चाचपलं. परत तेच.

"थकलीस काय गं?" काका म्हणाला. "पेटी जड आहे हो, मला आधीच गाडीत ठेवू दे."

"मूठ मास्तर एफिसची," गाविना म्हणाली. "खिळा मास्तर बोबोरेंचा. म्हणजे पातंही त्यांचंच. पहिलं मोडलं असणार."

टेबलावर नुसता कल्ला उठला.

"एफिसचा चाकू बोबोरेकडे?" काका ओरडला. "अरे, ते दोघे एकमेकांच्या अंत्ययात्रेला गेले नाहीत!"

"दोघेही कसे जातील रे?" आजोबा म्हणाले.

"तेच ते. गावातल्या कुणाची छाती झाली असती का असं करायची?"

गाविनाने रुमाल ओढून काढला. तियु बाकिस कानापर्यंत लाल झाले होते.

"माझ्या बापाची झाली," ते म्हणाले. "चाकूने पिंपाचं झाकण उचकटायला गेला आणि पातं मोडलं. एफिसने त्याला उभा सोलला असता. म्हणून गुपचूप बोबोरेकडे नेला. आमच्या घराबाहेर हे कुणाला माहीत नाही. आज चाकू ठेवला तो याच गमतीसाठी, की बघू, सगळे कसे आपटतात." त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "पोरी, तुझे सगळे बरोबर, आणि इथे तर तू एक नाही, दोन मास्तर ओळखलेस. बाकी सगळ्यांनी माझ्या बापाने लपवलं ते पातं तेवढं ऐकलं, मूठ कुणी चाचपलीच नाही."

मिलानचा गृहस्थ वाकून त्या खिळ्याकडे बघत होता. "मी हा बोबोरे म्हणूनच घेतला असता," तो म्हणाला.

"आम्ही विकलाही असता," काका पुटपुटला. मग कपाळ चोळत तो घरी गेला आणि पेटी उचलून घेऊन आला. गाविनाच्या हातात दिली नाही. तिच्यापुढे टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात चीज आलं, गोल, पिवळंजर्द, आणि कडक पातळ भाकऱ्यांची चळत. लोक खिशातले चाकू काढू लागले.

"थांबा," गाविना म्हणाली आणि तिने पेटी उघडली. एकेका माणसापुढे एकेक चाकू ठेवत ती टेबलाभोवती फिरली. काकापुढे तिने बोबोरेचा ठेवला. खराखुरा, मुठीपासून टोकापर्यंत बोबोरेचा.

"अगं, अगं," आजोबा उठलेच. "त्या चाकूने आजवर काही कापलेलं नाही. पात्यावर डाग पडतील."

"पडू देत. पेटी कुणाची, आजोबा?"

आजोबा परत खाली बसले. सगळीकडून पाती उघडल्याचे आवाज येऊ लागले, आणि काकाने न मागता चीजचा पहिला तुकडा कापून तिच्या भाकरीवर ठेवला.