मिलिमीटररावांची करवत

प्लायवुडच्या चार शीट सहा महिने पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या होत्या. पॅसेज आधीच अरुंद. घरात माणसं दोनच, पण दोघांनाही तेवढ्या काळात खेकड्यासारखं आडवं चालायची सवय लागली. नर्सबाई त्या शीटना पाहुणे म्हणायच्या. रोज सकाळी चहाचा कप हातात धरून, पोट आत ओढून त्या पाहुण्यांसमोरून सरकायच्या आणि पलीकडे पोचल्या की विचारायच्या, "हे कधी जायचेत?"

"करवत ठरली की," मिलिमीटरराव म्हणायचे.

नर्सबाई म्हणजे मिलिमीटररावांची बायको. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली. त्यांच्यासमोर माणसांची पोटं उघडली आणि शिवली गेली, तीही जेवायच्या सुट्टीच्या आत. मिलिमीटरराव हे नाव ऑफिसनं दिलेलं. ते ड्राफ्ट्समन होते, इमारतींचे नकाशे काढायचे. त्यांची पेन्सिल टोकदार होईपर्यंत बाकीच्यांचा अख्खा जिना काढून व्हायचा. पण त्यांच्या नकाशात चूक सापडायची नाही, कारण साहेबाला सापडायच्या आत ती ते स्वतः शोधून खोडायचे. लाकडाला मात्र रबर चालत नाही, आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

तसं त्यांनी लाकूड एकदा कापलं होतं. दोन वर्षांपूर्वी बाथरूमचं दार खाली घासायला लागलं. फक्त तीन मिलिमीटर. रावांनी दार उतरवलं, हातातली साधी गोल करवत घेतली आणि काप मारला. काप तिरका गेला. तो सरळ करायला दुसरा मारला, तो उलट्या बाजूला तिरका गेला. चौथ्या कापानंतर नर्सबाईंनी करवतीची वायर उपटली. दार परत बसवलं तेव्हा खाली चांगली वीतभर फट होती, आणि उलटी बसवलेली कडी काही लागत नव्हती. तेव्हापासून आत कोण आहे ते या घरात पायांवरून ओळखतात. पाहुणेरावळे आले की नर्सबाई त्यांना बाथरूम दाखवायच्या आणि म्हणायच्या, "घाबरू नका, गुडघ्याच्या वर काही दिसत नाही."

या अपमानातून रावांनी एकच निष्कर्ष काढला: दोष हाताचा नाही, करवतीचा आहे. त्यांना हवी होती ट्रॅक सॉ, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रुळावर बसून चालणारी करवत. रूळ सरळ तर काप सरळ, मग धरणारा माणूस कितीही वाकडा असो. अशी करवत आली की आधी ताईचा पलंग, मग बाथरूमला नवीन दार. एवढी दोनच कामं होती. त्यांच्यासाठी रावांनी एक जाड वही केली आणि करवतींचा कीस काढायला बसले. बॅटरीची की वायरची? रूळ अखंड की जोडाचा? भुसा ओढणारी नळी किती जाड? पातं किती खोल उतरतं? वहीत एक्केचाळीस रकाने झाले. हत्यारांच्या दुकानदाराला ते कोपऱ्यावर वळताना दिसले, की त्याला मागच्या गोदामात हमखास काम निघायचं.

आणि तिकडे ताई वाट बघत होती.

ताई म्हणजे रावांची मोठी बहीण, वय चौऱ्याहत्तर, धंद्यानं शिंपीण. आई गेली तेव्हा राव सहा वर्षांचे होते. त्यांना न्हाऊमाखू घालून, शाळेत ढकलून, उरलेल्या वेळात ताईनं गावभरचे झगे शिवले. गेल्या वर्षी ती मुलाकडे बाथरूममध्ये पडली. आतून कडी. मुलगा कामावर. दोन तास ती फरशीवर पडून होती आणि कुणाला पत्ता नव्हता. खुब्याचं हाड बसवलं, ती वॉकर घेऊन चालायलाही लागली, पण मुलानं जी धास्ती घेतली ती काही गेली नाही. दिवसभर आईला एकटीला ठेवायचं त्याच्यानं होईना. "मी बाळ्याकडे राहते," ताई म्हणाली. बाळ्या म्हणजे राव. डॉक्टरांनी बजावलं, पलंग उंच हवा, बसल्यावर पाय सपाट टेकले पाहिजेत. राव तिथल्या तिथं म्हणाले, "पलंग मी करतो."

"बाजारात मिळतो तसला पलंग," नर्सबाईंनी घरी आल्यावर सांगितलं.

"तिला मी शब्द दिलाय."

"शब्दावर झोपणारेत का वन्सं?"

पण ताईही तसलीच. बाळ्या पलंग करतोय, असं तिनं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून ठेवलं. एक महिना गेला, तीन गेले. सहाव्या महिन्यात एका बुधवारी भाच्याचा फोन आला. आवाज अवघडलेला होता. "मामा, एका वृद्धाश्रमात जागा झालीय. चोवीस तास माणूस असतो, बाथरूममध्ये घंटा आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. आई म्हणते पलंग होतोय. खरंच होतोय का?"

"होतोय की," राव म्हणाले आणि फोन ठेवला. जिनं आपल्याला वाढवलं ती बाई आपल्या एक्केचाळीस रकान्यांपायी परक्या खोलीत जाऊन पडणार, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी दुकानदाराला गोदामाच्या दारातच गाठलं आणि करवत घेतली. वहीच्या पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत जी लिहिली होती, तीच. दुकानदारानं खोकं बांधून दिलं आणि ते दृष्टीआड होईपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभा राहिला.

करवत मात्र देखणी होती. राव ती वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. वर्कशॉप म्हणजे जुनी स्कूटर ठेवायची खोली. त्यांनी नऊ फुटी रूळ बाहेर काढला, खोलीत घातला, आणि तो मावेना. पुन्हा घातला. टेप काढून खोली मोजली. साडेआठ फूट.

या माणसानं दुकानातल्या प्रत्येक करवतीचं पातं मोजलं होतं, स्वतःची खोली मोजली नव्हती. का मोजावी? नकाशा त्यांनीच काढलेला, नकाशात नऊ फूट. पण मधल्या काळात त्यांनी मागच्या भिंतीला एका सुताराकडून अर्धा फूट खोल कपाट बसवून घेतलं होतं. कशासाठी, तर करवत ठेवायला. रूळ तिरका घातला असता तर मावला असता. शीटही आत गेली असती, पण मग कापणाऱ्याला खिडकीबाहेर लोंबकळावं लागलं असतं.

नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रूळ पाहिला, कपाट पाहिलं, नवऱ्याचं तोंड पाहिलं. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "उद्या शुक्रवार आहे."

शुक्रवारी सकाळी दहाला भाच्याची गाडी दारात थांबली. ताईनं फर्मानच काढलं होतं, पलंग बघितल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. वॉकर टेकत ती आत आली आणि पॅसेजच्या तोंडाशी थांबली. चारही शीट जशाच्या तशा. वॉकर काही पुढे जाईना.

"हा पलंग?" ताईनं विचारलं.

रावांनी मान खाली घातली. "ताई, झाला नाही. एक कापसुद्धा मारला नाही."

"सहा महिने काय करत होतास?"

"करवत निवडत होतो."

भाचा खिडकीबाहेर बघायला लागला. ताई मात्र भावाकडेच बघत राहिली. लहानपणी पाटी फोडून आल्यावर बघायची, तशी.

"भीती वाटते होय रे?" ती हळूच म्हणाली.

त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं बायको आणि भाच्यासमोर होकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं तेही त्यांनी लपवलं नाही.

"मग त्यात काय," ताई म्हणाली. "कात्री लावताना मलापण वाटायची. परक्याचं कापड ते. खुर्ची आण मला अंगणात. आणि त्या फळ्या बाहेर काढा."

मग हालचाल सुरू झाली. नर्सबाईंनी माळ्यावरून फ्रीजच्या खोक्यातलं थर्मोकोल खाली टाकलं, म्हणजे पातं खाली उतरलं तरी फरशीला लागायला नको. भाच्यानं बाह्या सरसावून शीट अंगणात आडवी घातली. रावांनी खूण केली, रूळ मांडला, माप पाच वेळा घेतलं. सहाव्यांदा टेप काढला तेव्हा नर्सबाईंनी तो हातातून घेतला आणि एरवी शस्त्रक्रियेचा चिमटा ठेवतात तसा बाजूला ठेवून दिला. राव गुडघ्यावर बसले. करवत रुळावर चढवली. बटणावर बोट ठेवलं, पण ते काही दाबेना.

"शिव्या घाल," ताई म्हणाली.

"काय?"

"विसरलास? मी कापड कापताना काय करायचे? तू धरायचास की दुसरं टोक."

राव विसरले नव्हते. ताई कात्री चालवताना गिऱ्हाईकाला हळू आवाजात शिव्या घालायची. जिचा झगा, तिचा उद्धार. शिव्या देताना हात थरथरत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि तिचा काप कधी वाकडा गेला नव्हता.

"कुणाला घालू?"

"आता तेही निवडत बसू नकोस!"

रावांनी बटण दाबलं. करवत गरजली, पातं खाली उतरलं. "नतद्रष्टा!" राव ओरडले. माझ्या नकाशावर चहाचा कप ठेवणाऱ्या हेडक्लार्का, मेल्या! करवत फूटभर सरकली. गोदामात लपणाऱ्या दुकानदारा! आणखी दोन फूट. शेजारच्या गच्चीवर दोन माणसं येऊन उभी राहिली. कपाट बसवणाऱ्या सुतारा, तुझा काही दोष नाही, तरीपण मुडद्या! आता शेवटचं हातभर उरलं होतं आणि शिव्या संपत आल्या होत्या. "आणि सहा महिने रकाने आखत बसलेल्या म्हाताऱ्या गाढवा!" राव जीव तोडून ओरडले, आणि शीटचे दोन तुकडे झाले.

सगळे वाकून बघायला लागले. काप सुतासारखा सरळ होता. रावांनी टेप घेतला, मोजलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "रूळ रेघेच्या चुकीच्या बाजूला ठेवला. पात्याची जाडी आत गेली. दोन मिलिमीटर कमी भरतंय."

"दोन मिलिमीटरनं माझा काय मुडदा पडतोय?" ताई म्हणाली. "पुढची घे."

दुपारपर्यंत चारही शीटचे तुकडे झाले. रावांचा घसा बसला होता. भाच्याच्या केसांत भुसा होता आणि शेवटच्या दोन कापांना त्यानंही आपल्या साहेबाचं नाव घेतलं होतं. पण हात धुऊन आल्यावर तो ताईच्या खुर्चीजवळ येऊन थांबला. फोन हातात घेऊन म्हणाला, "मामा, पलंग परवापर्यंत होईल, दिसतंच आहे. पण माझी भीती पलंगाची नव्हती हो. तुम्ही दोघं वरच्या खोलीत, नाहीतर बाजारात. ती बाथरूममध्ये पडली आणि कुणाला कळलंच नाही तर? तिथं निदान घंटा आहे."

राव अंगावरचा भुसा झटकायला लागले. पडलेल्या माणसाला घंटेपर्यंत हात पोचत नाही, हे नर्सबाईंनी कितीदा पाहिलं होतं, पण भाच्याला ते सांगून धीर थोडाच येणार होता?

"तुमचं चालू द्या," ताई उठत म्हणाली. "मी जाऊन येते."

पॅसेज आता मोकळा होता. ताई वॉकर टेकत सरळ चालत गेली आणि बाथरूमचं दार तिनं लोटलं. भाचा सवयीनं मागोमाग गेला. बंद दारासमोर तो थबकला. मग त्याची नजर खाली गेली.

फटीतून ताईची दोन पावलं दिसत होती. सपाट टेकलेली, उजव्या अंगठ्याला पट्टी लावलेली. दोन्ही बाजूंना वॉकरचे दोन-दोन रबरी पाय. पावलं जरा सरकली, वॉकर सरकला, पाण्याचा आवाज आला. भाचा तिथंच बघत उभा राहिला. नर्सबाई त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"स्वयंपाकघरातूनपण दिसतात," त्या म्हणाल्या. "आणि कडी लागतच नाही."

भाच्यानं एकदा स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. मग फोन कानाला लावला. "हो, त्या जागेसंदर्भात. नाही, नको आहे. आई मामाकडे राहतेय."

एवढ्यात राव वही आणि टेप घेऊन पॅसेजमधून आले. कापाची नशा अजून उतरली नव्हती. "ताई बाहेर आली की या दाराचं माप घेतो. पलंग झाला की लगेच नवीन दार. आता काय, रूळच आहे."

"त्या दाराला हात लावलात तर बघा," नर्सबाई म्हणाल्या.

राव एकदा बायकोकडे, एकदा भाच्याच्या ओल्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली पाहिलं, आणि हातातला टेप हळूच खिशात घातला. तिघंही त्या दोन पावलांकडे बघत उभी होती.

"मेल्यांनो," आतून ताईचा आवाज आला, "मलापण तुमचे पाय दिसतायत. हला इथून!"