पूजेतली काच

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर रंधे, करवती, पटाश्या, वाकस, गुण्या असं सगळं पुसून-पासून मांडलेलं असतं, आणि सगळ्यात शेवटी काचेचा एक तुकडा. तावदानाचा, तळहाताएवढा. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही झेंडूचं फूल. दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "लंकाबाई, सुताराच्या पूजेत काच कशाला गं?" आता एकदाच सगळं सांगते, म्हणजे पुन्हा विचारू नका.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. मखमलाबादला आमचं दुकान, मागे घर. हर्षालीचे पप्पा दारं-खिडक्या करायचे. नाव गोरक्ष, पण गावात सगळे त्यांना गुण्यावाला म्हणायचे. काटकोन तपासायचा तो गुण्या त्यांच्या हातातून सुटायचाच नाही. जेवायला बसले तरी पाट भिंतीला सरळ आहे का ते बघणार. त्यांनी बसवलेल्या दाराच्या फटीत पोस्टकार्ड सरकत नाही, असा लौकिक. त्याचा ताठा तर विचारूच नका.

हर्षाली तेव्हा नववीत होती. शाळेत धनुर्विद्या सुरू झाली होती आणि पोरीला त्याचं वेडच लागलं. चार मुलींत मिळून एक धनुष्य, तरी तिचेच बाण मधल्या गोलात जास्त लागायचे. मग सरांनी सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवळाली कॅम्पला निवड चाचणी आहे. लाकडी धनुष्य हवं, आणि ते प्रत्येकीचं स्वतःचं. सरांनी बाहेरून मागवलेली धनुष्यं काही वेळेवर येईनात. धनुष्य नाही तर चाचणी नाही. पोरगी ताटावरून उठून जायला लागली.

"लाकूडच हाय ना ते?" हर्षालीचे पप्पा म्हणाले. "मग मी इथं काय भुसा मोजायला बसलोय का?"

दारासाठी आणलेल्या सागाच्या फळीतून त्यांनी धनुष्य काढलं. काय रूप होतं म्हणून सांगू! मुठीच्या वरचा आणि खालचा, धनुष्याचे दोन्ही हात सारखे, गुण्यात, वर पॉलिश. दुकानात येईल त्याला दाखवत होते. नवरात्राच्या सहाव्या माळेला संध्याकाळी शेजारच्या भिमाजी आप्पांच्या झेंडूच्या बांधावर हर्षालीनं दोरी गालापर्यंत ओढली आणि फाडकन आवाज आला. धनुष्याचा वरचा तुकडा उडून तिच्या डोळ्याखाली बसला. दोन बोटं वर लागला असता तर डोळाच गेला असता. मी धावत जाऊन पदर दाबून धरला.

हर्षालीचे पप्पा ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसले. लाकडात ज्या लांब रेघा असतात ना, त्या फळीत तिरप्या गेल्या होत्या. यांनी फळी सरळ करायच्या नादात त्या रेघा मधेच कापल्या, आणि कापल्या तिथेच धनुष्य तुटलं. "दार असतं तर चाललं असतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

धनुष्य मोडलं याचं मला फार काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर शाळेत गेले, तर ती शाळेचं धनुष्य घेऊन उभी राहिली, दोरी गालाजवळ आली आणि तिचे डोळे गच्च मिटले. पुन्हा ओढली, पुन्हा मिटले. बाण कुठल्या कुठे. सर मला म्हणाले, "ताई, ही भीती गेली नाही तर चाचणीला नेऊन काही उपयोग नाही." पोर माझी विहिरीत उड्या मारणारी, आणि ती बापाच्या हातच्या वस्तूला घाबरली!

सातव्या माळेला सकाळी हर्षालीचे पप्पा माळ्यावर चढले आणि धावड्याच्या चिवट लाकडाची फळी खाली काढली. सासऱ्यांनी बैलगाडीच्या जुवासाठी वीस वर्षांपूर्वी ठेवलेली. जू काही झालं नाही, कारण तोवर गाड्यांना टायर आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर. वाळून लोखंड झालं होतं ते लाकूड. या वेळी यांनी गुण्या खुंटीलाच ठेवला. लाकडाची रेघ जिकडे जाईल तिकडे पेन्सिल नेली. धनुष्य जरा वाकडंतिकडं झालं, नागमोडी. मला हसू आलं, पण मी तोंड मिटून बसले. तेवढी अक्कल आहे मला.

अष्टमीला संध्याकाळी त्यांनी भिंतीला खाच केलेली फळी ठोकली, त्यात धनुष्य मधोमध आडवं अडकवलं आणि दोरी खाली ओढून मला लांब उभं केलं. "कसं वाकतंय?"

"एक हात छान वाकतो," मी म्हटलं. "दुसरा तुमच्यासारखा. ताठ."

"मापात हाय ते."

"माप चुलीत घाला. डोळ्याला दिसतंय ना!"

त्यांनाही दिसलं. ताठ हात असाच राहिला तर सगळा ताण दुसऱ्यावर येणार आणि तो मोडणार. "उद्या चार हात रंधा मारला की झालं," म्हणाले.

आता उद्या म्हणजे खंडेनवमी. मी पहाटे उठून सगळी हत्यारं पुसली, तेलाचा हात फिरवला, पाटावर मांडली, पूजा केली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. सासूबाई होत्या तेव्हाही नाही, त्यांच्या सासूबाई होत्या तेव्हाही नाही. हे अंघोळ करून आले ते सरळ रंध्याकडे निघाले.

"खबरदार!" मी पाटापुढे उभी राहिले.

"अगं, परवा चाचणी हाय! अर्ध्या तासाचं काम हाय."

"वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस तुमचेच हायेत. आज ती विसाव्याला बसलीत. उचलायची नाय."

"पोरीचं नुकसान झालं तर देव येणार हाय का भरून द्यायला?"

"पोरीच्या तोंडावर एक तुकडा बसलाय, तेवढा पुरे नाय का? आज देवाला डिवचून दुसरा बसवायचाय?"

असं बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला. कोपऱ्यात हर्षाली उभी होती, डोळ्याखाली निळं-पिवळं झालेलं. ती हळूच म्हणाली, "राहू दे आई. नाय जात मी." ते ऐकून मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी मोरीत जाऊन भांडी आपटली.

मोरीशेजारी दुकानातला कचरा होता. त्यात तावदानाचे तुकडे पडले होते. जुन्या दाराचं पॉलिश काढायला हे कधीकधी काचेच्या धारेनं लाकूड खरवडायचे, ते आठवलं. मी एक बरा तुकडा उचलला, एका कडेला चिंधी गुंडाळली आणि त्यांच्यापुढे धरला.

"ही काय पूजेत मांडली नाय मी."

"काचेनं धावडा?" ते खेकसले. "दिवस जाईल अख्खा!"

"मग जाऊ द्या. आज दुकानाला सुट्टीच हाय."

बसले. काचेनं लाकूड निघतं ते केसासारखं, पातळ पातळ. वीसदा खरवडायचं, धनुष्य भिंतीला लावायचं, तीसदा ओढून सोडायचं, बघायचं, पुन्हा खरवडायचं. त्यांचा हात भरून आला तेव्हा हर्षाली बसली. तिचा भरून आला तेव्हा मी. पुरणाचं सगळं राहिलं, दुपारी खिचडी टाकली.

चारच्या सुमाराला हर्षाली म्हणाली, "पप्पा, इथं रंग बदलतोय." ताठ हाताच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका वर येत होता. हर्षालीच्या पप्पांनी बोट फिरवलं आणि काच खालीच ठेवली.

"गाठ हाय." मग म्हणाले, "रंधा मारला असता तर ही उपटून आली असती. आणि परवा तिथंच मोडलं असतं."

माझ्याकडे बघितलं. मी चहा टाकायला उठले.

मग त्यांनी हर्षालीला दाखवलं. गाठीभोवती लाकूड जाड ठेवायचं, उंचवटा तसाच राहू द्यायचा, बाकीच्या भागातलं काढायचं. ज्या माणसानं आयुष्यात एक टेकाड सोडलं नाही, तो पोरीला टेकाड सोडायला शिकवत होता. दिवेलागणीला धनुष्य भिंतीवर ओढलं तेव्हा दोन्ही हात सारखे वाकले. दिसायला म्हणाल तर ध्यान! नागमोडी, मधेच फुगलेलं, पॉलिश नाही, नुसतं तेल. ती काच मात्र यांनी पुसून पाटावर हत्यारांच्या शेजारी नेऊन ठेवली.

दसऱ्याला बांधावर बाण सोडून बघितले. धनुष्याला काही झालं नाही. हर्षालीचे डोळे मात्र प्रत्येक वेळी मिटत होते.

चाचणीच्या दिवशी जुन्या लुगड्यात धनुष्य गुंडाळून आम्ही सकाळच्या बसनं देवळाली कॅम्पला गेलो. मैदानावर बाकीच्या मुलींची धनुष्यं गुळगुळीत, चकचकीत. एक मुलगी आमच्याकडे बघून हसली. हर्षालीच्या पप्पांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली. हर्षालीचं नाव पुकारलं तसे ते मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

पहिला बाण. डोळे मिटलेले. बाण गवतात.

"मोडलं?" यांनी मान न वळवता विचारलं.

"नाय."

हर्षालीनं धनुष्य खाली घेतलं. तशीच उभी राहिली. शिट्टीवाला बघायला लागला. मग तिनं अंगठा त्या टेकाडावरून फिरवला, जिथे ती स्वतः तासभर काच घेऊन बसली होती. एकदा फिरवला, दोनदा फिरवला. बाण लावला आणि दोरी ओढली, पार डोळ्याखालच्या त्या निळ्या डागापर्यंत.

"अहो," मी म्हटलं, "तिचे डोळे उघडे हायेत."

ते वळले नाहीत. तिथेच, बसस्टँडकडे तोंड करून, खांदे हलायला लागले त्यांचे. मी दंडाला धरून वळवलं तेव्हा कुठे त्यांनी तिचा चौथा बाण बघितला.

सहा मुली घेतल्या, त्यात हर्षाली पाचवी. ते आम्हाला दुपारी कळलं. हर्षालीचे पप्पा तोवर रडून मोकळे झाले होते.